नैराश्य उलटलं तर: पहिल्या काही आठवड्यांत काय करायचं

ताप उतरतो आणि दोन दिवसांनी परत चढतो, तेव्हा आपण म्हणतो, 'ताप उलटला.' मधले दोन दिवस तो खरंच नव्हता का, अशी शंका कुणी काढत नाही. नैराश्य उलटलं की मात्र पहिला विचार हाच येतो: ते बरं वाटणं खोटंच होतं.

माझं नैराश्य तीनदा उलटलंय. पहिल्या वेळी मधली उसंत जेमतेम ७ आठवड्यांची होती. त्या ७ आठवड्यांत मी कपाटं आवरली, जुन्या मैत्रिणींना फोन केले, आणि आता काय गरज म्हणून गोळ्या स्वतःच बंद केल्या. मग एका सकाळी दात घासायचा ब्रश हातात धरून किती वेळ उभी होते, आठवत नाही. 'म्हणजे बरी झालेच नव्हते' हे एकच वाक्य डोक्यात होतं. त्या वाक्यापायी मी जवळजवळ ३ महिने कुणाला काही सांगितलं नाही. जे अपयश आहे असं वाटतं, ते सांगणार कसं?

ज्यांचं निदान आधी झालंय, काही आठवडे किंवा महिने बरे गेलेत, आणि आता पुन्हा तेच सुरू झाल्यासारखं वाटतंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. पायऱ्या क्रमाने दिल्यात, पण एका दिवसात एकच झाली तरी पुरे. पहिली मात्र वगळू नका.

## १. आधी हे बघा: आज तुम्ही सुरक्षित आहात का?

मरणाचे विचार दोन तऱ्हांनी येतात. एक म्हणजे 'सकाळी जाग आलीच नाही तर बरं होईल.' दुसरा म्हणजे कसं, कुठे, कधी याचा आराखडा. पहिला डॉक्टरांना पुढच्या भेटीत नक्की सांगायचा, किंबहुना त्यासाठी भेट लवकर घ्यायची. दुसरा असेल तर हा लेख इथेच ठेवा. कुणाला तरी सोबत बोलवा, आणि तुमच्या भागातल्या हेल्पलाइनला फोन करा किंवा थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. तिथे पोचल्यावर 'बरं वाटत नाहीये' असं मोघम सांगू नका. 'मला जीव द्यावासा वाटतोय' हेच शब्द वापरा. मोघम बोललं की माणूस बाकावर बसून राहतो.

कुणाला काय म्हणायचं हे त्या वेळी सुचत नाही. मी फोनमध्ये एक ओळ आधीच लिहून ठेवली आहे: 'आज एकटीला राहायची भीती वाटतेय. येशील का? बोलायची गरज नाही, नुसती बस.' ती फक्त पाठवायची.

घरात गोळ्यांचा साठा असेल तर तो दुसऱ्याच्या ताब्यात द्या आणि आठवड्यापुरत्याच स्वतःकडे ठेवा. इतर कशाची भीती वाटत असेल तर तेही घराबाहेर जाऊ दे. जीव देण्याची तीव्र ऊर्मी बहुतेकदा लाटेसारखी येते आणि ओसरते. त्या वेळात साधन हाताशी नसणं, एवढ्यानेही जीव वाचतात.

बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी यासाठी एक सुरक्षा-आराखडा तयार केलाय. एका कागदावर क्रमाने लिहायचं: धोक्याची माझी चिन्हं कोणती, एकटीने काय केल्यावर थोडं सैल वाटतं, कुठे किंवा कुणासोबत मन दुसरीकडे वळतं, मदत कुणाकडे मागायची, डॉक्टर आणि हेल्पलाइनचे नंबर, आणि घर सुरक्षित कसं ठेवायचं. थेरपिस्टबरोबर बसून केला तर उत्तम.

## २. निष्कर्ष काढू नका, तारीख लिहा

प्रत्येक वाईट दिवस म्हणजे नैराश्य उलटणं नव्हे. भांडण झालं, झोप बिघडली, कुणी गेलं, तर बरी असलेली माणसंही ढासळतात. पण एकदा या विहिरीत पडून आलेल्याला साधं पाणी दिसलं तरी धडकी भरते.

डॉक्टर मंडळी निदानासाठी सहसा २ आठवड्यांची मुदत धरतात. उदास मन किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी किमान एक, आणि झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा वगैरे मिळून ९ पैकी ५ लक्षणं, जवळजवळ रोज. म्हणून ज्या दिवशी शंका आली त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा.

मोजायला पीएचक्यू-९ ही प्रश्नावली चांगली आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेली, ९ प्रश्नांची, गेल्या २ आठवड्यांबद्दल विचारणारी. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांशी बोलायलाच हवं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याला ० सोडून काहीही उत्तर आलं तर एकूण गुण कितीही असोत, पहिल्या पायरीवर परत जा.

इथला खड्डा मी स्वतः पडून पाहिलाय: ती रोज भरू नका. मी दिवसातून दोनदा भरायचे, आणि १ गुण वाढला की संध्याकाळ त्यावरच घालवायचे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, बस्स.

आकड्यांपेक्षाही भरवशाची असतात आपली स्वतःची चिन्हं. माझी अशी: फोन पालथा ठेवायला लागते, पहाटे ४ ला जाग येते, भांड्यांचा आवाज सहन होत नाही, आणि 'नंतर उत्तर देते' म्हणून सोडलेल्या संदेशांची रांग लागते. उदासी या सगळ्याच्या नंतर येते. तुमची वेगळी असतील. घरच्यांना विचारा, त्यांना ती आपल्या आधी दिसलेली असतात. या चिन्हांपैकी २-३ एकदम दिसली तर २ आठवडे पुरे व्हायची वाट न बघता डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवा. तोवर बरं वाटलं तर वेळ रद्द करता येते.

## ३. हे नेमकं काय असू शकतं?

ही पायरी मोठी आहे, कारण माझे सगळ्यात जास्त महिने इथेच वाया गेले. 'परत आलं' हे एकच वाक्य, पण त्याखाली निदान ४-५ निरनिराळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा. ठरवायचं डॉक्टरांनी. आपण फक्त माहिती गोळा करायची.

जुनंच दुखणं पुरतं गेलं नव्हतं. १९९१ साली एलेन फ्रँक आणि सहकाऱ्यांनी या शब्दांच्या व्याख्या नीट लावायचा प्रयत्न केला. पूर्ण बरं व्हायच्या आधीच लक्षणं परतली तर तो त्याच आजाराचा उलटा फेरा. दीर्घकाळ बरं राहून मग आली तर नवा फेरा. उसंत छोटी असेल तर पहिली शक्यता जास्त. यातून एक कामाची गोष्ट निघते: उपचार चुकले असं नसून ते अर्धवट राहिले असू शकतात. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ युजीन पेकेल यांच्या १९९५ च्या अभ्यासात, बरे झाल्यावरही थोडी लक्षणं उरलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांचा आजार उलटला. ज्यांची लक्षणं जवळपास गेली होती त्यांच्यात हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होतं. तेव्हा आठवून बघा, त्या 'बऱ्या' दिवसांत झोप नीट लागत होती का? थकवा गेला होता का? माझा नव्हता गेला. रडू थांबलं होतं, एवढ्यावर मी खूश होते.

गोळी सोडल्याचा परिणाम. गोळी अचानक बंद केली किंवा डोस झपाट्याने उतरवला तर काही दिवसांतच चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असं होऊ शकतं. आजार उलटतो तेव्हा तो सहसा सावकाश, काही आठवड्यांत अंगावर येतो, आणि त्यात हे झटके नसतात. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन या नैराश्यावरच्या गोळ्या शरीरातून लवकर जातात, म्हणून त्यांचा हा त्रास लवकर आणि जोरात होऊ शकतो. फ्लुओक्सेटिन बरेच दिवस रेंगाळतं. शेवटचा डोस कधी घेतला ती तारीख म्हणूनच महत्त्वाची. सलग ३-४ डोस विसरले असतील तर तेही यातच धरा, आणि लाजू नका, डॉक्टरांनी हे हजारदा ऐकलेलं असतं.

शरीरातलं काही. थायरॉइड मंदावणं, बी-१२ कमी पडणं, रक्त कमी असणं, हे सगळं नैराश्यासारखंच दिसतं किंवा नैराश्य बरं होऊ देत नाही. स्टेरॉइडसारखी औषधंही मन बिघडवू शकतात. बाळंतपण झालं असेल तर ते न विचारता सांगा. आणि दारू. रात्री सैल वाटतं, पण ती झोपही तोडते आणि मनही खाली ओढते.

बरं वाटणं जरा जास्तच बरं होतं का? हा प्रश्न मला पहिल्या दोन डॉक्टरांनी विचारला नाही आणि मीही सांगितलं नाही. मधल्या काळात ४ तास झोपूनही ताजंतवानं वाटत होतं? बोलणं, खर्च, नवनव्या योजना यांना ऊत आला होता? लोक म्हणत होते, 'आज फारच फॉर्मात आहेस'? हे सलग ४ दिवस किंवा जास्त टिकलं असेल तर बायपोलर प्रकाराचा (ज्यात नैराश्य आणि अतिउत्साह आलटून-पालटून येतात) विचार करावा लागतो, आणि तिथे औषधांची दिशाच बदलते. त्यात नुसती नैराश्याची गोळी कधी कधी उलट पडते. माझ्या बाबतीत तसं निघालं नाही, पण तपासून नाही म्हणणं आणि न विचारणं यात फरक आहे.

आयुष्यात काही मोडलं. हे असलं तरी वरचं काही नाही असं गृहीत धरू नका. कारण सापडलं की आपण शोधणं थांबवतो.

## ४. डॉक्टरांकडे जाताना

दहा-पंधरा मिनिटांची भेट असते आणि डोकं साथ देत नसतं. तोंडी सांगायला गेलं की 'ठीक आहे, थोडं कमी वाटतंय' एवढंच बाहेर पडतं. म्हणून कागद न्या.

- आजवरच्या सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या. हरवल्या असतील तर गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांचे फोटो.
- एक तक्ता: गोळीचं नाव, डोस, कधीपासून कधीपर्यंत, उपयोग किती, त्रास काय, का बंद केली.
- रक्ताचे जुने रिपोर्ट.
- इतर आजारांची औषधं, पूरक गोळ्या, काढे, सगळं. काही वनस्पतिजन्य औषधं या गोळ्यांशी भांडतात. सेंट जॉन्स वर्ट हे ठळक उदाहरण.
- पीएचक्यू-९ चे आकडे, तारखांसह.
- घरात कुणाला नैराश्य, बायपोलर किंवा आत्महत्येचा इतिहास असेल तर तो.
- शक्य असेल तर सोबत एक माणूस.

आणि वर एक पान, ५ ओळींचं. माझं असं होतं: 'मार्चमध्ये गोळी सुरू. मेमध्ये बरं वाटलं, पण थकवा होता. जूनच्या शेवटी गोळी स्वतः बंद केली. जुलैच्या मध्यापासून पहाटे जाग, काम होत नाही. मरणाचे विचार आहेत, बेत नाही.' डॉक्टरांनी ते वाचलं, मान वर केली आणि पहिल्यांदाच नेमके प्रश्न विचारले. गोळी मनाने बंद केल्याबद्दल बोलणी बसतील या भीतीने ही ओळ मी दोनदा खोडली होती. बसली नाहीत. बसली असती तरी लिहायलाच हवी होती.

विचारायचे प्रश्न: डोस वाढवायचा, गोळी बदलायची, जोडीला दुसरी द्यायची की थेरपी जोडायची? कोणता परिणाम कधीपर्यंत दिसायला हवा? नाही दिसला तर पुढचं पाऊल काय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की निम्मी धास्ती जाते, कारण मग ही शेवटची गोळी राहत नाही.

वेळेचा अंदाज असू द्या. या गोळ्यांचा परिणाम जाणवायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात आणि पुरता अंदाज यायला ६ ते ८. सुरुवातीला किंवा डोस बदलल्यावर बेचैनी, अस्वस्थता वाढू शकते. विशेषतः २५ वर्षांखालच्यांवर या दिवसांत कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. घरात उरलेली जुनी गोळी 'मागच्या वेळी लागू पडली होती' म्हणून आपल्या मनाने सुरू करू नका.

किती काळ घ्यायची, यावर घरोघरी वाद असतात, म्हणून आकडेच देते. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ३१ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात गोळी चालू ठेवलेल्यांपैकी १८ टक्क्यांचा आजार उलटला, बंद केलेल्यांपैकी ४१ टक्क्यांचा. पुढे २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या ४७८ जणांचा अभ्यास आला. हे लोक दीर्घकाळ गोळी घेत होते आणि आता सोडावी इतकं बरं त्यांना वाटत होतं. वर्षभरात चालू ठेवलेल्यांत ३९ टक्के, तर हळूहळू बंद केलेल्यांत ५६ टक्के उलटले. म्हणजे गोळी कवच आहे, पण त्याला भोकं आहेत. आणि सोडणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोक वर्षभर नीट राहिले, हेही त्याच अभ्यासात आहे. ब्रिटिश मार्गदर्शक सूचना बरं वाटल्यावर किमान ६ महिने चालू ठेवायला सांगतात, आणि उलटण्याचा धोका जास्त असलेल्यांना त्याहून जास्त काळ. हे गणित डॉक्टरांबरोबर बसून सोडवायचं. मी एकटीने सोडवलं होतं, एका रविवारी दुपारी.

## ५. पहिले १४ दिवस: कामं निम्मी करा, बंद करू नका

औषधाचा परिणाम दिसेपर्यंतचे दिवस कसे काढायचे? मन तयार झालं की करू, असं म्हणत बसलं तर मन तयार होत नाही. थेरपीत याला वर्तन-सक्रियता म्हणतात: आधी छोटी कृती, मूड मागून. अर्धा तास चालायचं ठरवलंय? दारापर्यंत जाऊन या. आंघोळ जमत नाही? तोंड धुवा, कपडे बदला. झालेल्या गोष्टीसमोर कागदावर खूण करा, न झालेल्याची यादी करू नका.

झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची बऱ्यापैकी असते. ती पक्की करा. उठल्यावर उजेडात १० मिनिटं.

नोकरी सोडणं, नातं तोडणं, घर बदलणं असले निर्णय या १४ दिवसांत घेऊ नका. सुट्टी हवी असेल तर सुट्टी घ्या, राजीनामा नव्हे.

रोज ३ चांगल्या गोष्टी लिहा, असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. मला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही; दुसऱ्या दिवशीच तिसरी गोष्ट सापडेना आणि त्याचंच वाईट वाटत बसले. तुम्हाला जमलं तर छान.

## ६. घरच्यांना सांगणं

'परत?' हा एक शब्द ऐकायची तयारी ठेवा. त्यात राग कमी आणि भीती जास्त असते, पण त्या क्षणी तो रागच ऐकू येतो. मी समोरासमोर सांगायचं सोडून दिलं आणि चिठ्ठी लिहिली: 'दुखणं उलटलंय. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. कारण विचारू नका, मलाही माहीत नाही. सकाळी ८ ला उठवा आणि गोळी घेतली का एवढं विचारा.' माणसांना काम दिलं की ती उपदेश कमी करतात. काम एकच द्या, नेमकं द्या.

## ७. डोक्यातलं रवंथ

'का परत? माझंच काय चुकलं?' हा प्रश्न विचारासारखा वाटतो, पण तासाभराने आपण तिथेच असतो. ओळखायची खूण माझ्या थेरपिस्टने दिली: १० मिनिटांत एखादं करण्याजोगं पाऊल निघालं तर तो विचार, नाहीतर रवंथ. रवंथ असेल तर उठून जागा बदलायची, हात कशात तरी गुंतवायचे. विचाराशी वाद घालत बसायचं नाही.

वारंवार उलटणाऱ्यांसाठी सजगतेवर (माइंडफुलनेसवर) आधारित ८ आठवड्यांचा एक गटातला अभ्यासक्रम असतो. तो नैराश्य उलटू नये यासाठीच बांधला गेला. २००० सालच्या पहिल्या मोठ्या चाचणीत ३ किंवा अधिक फेरे होऊन गेलेल्यांना त्याचा फायदा दिसला, २ फेरे झालेल्यांना दिसला नाही. पण तो तुलनेने बऱ्या काळात करायचा आहे. ऐन खोल दिवसांत मी एकटीच डोळे मिटून बसायचे आणि आत जे होतं तेच आणखी मोठ्याने ऐकू यायचं.

## ८. पुन्हा उतरायला लागलं की

हे सहसा कुणी लिहीत नाही. पहिला बरा दिवस आला की त्यावर ५ दिवसांची कामं लादू नका. मी लादली आणि सहाव्या दिवशी आडवी झाले. डॉक्टरांची पुढची वेळ रद्द करू नका. 'आता बरंय' असं वाटतं तेव्हाच ती भेट कामाची, कारण काय उरलंय ते तेव्हा सांगता येतं. गोळी कमी करायची असेल तर तारीख आणि टप्पे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आणि याच दिवसांत, डोकं चालत असताना, पुढच्या वेळेसाठी एक पान भरा: माझी चिन्हं, कुणाला फोन, कोणती गोळी लागू पडली आणि किती आठवड्यांनी, काय केल्यावर बिघडलं. वर दोन तारखा, कधी उलटलं आणि कधी उतरलं. माझ्या पानावर अशा तारखांच्या ३ जोड्या आहेत. ते माझ्या कपाटात असतं आणि त्याची एक प्रत बहिणीकडे, कारण त्याची गरज पडते तेव्हा कपाट उघडायलाही मी उठत नाही.